भाड्याचं बायपॅप: बॅकअप रेट पाहिल्याशिवाय सही करू नका

परळ, दादर, सायन, प्रिन्सेस स्ट्रीट. मुंबईत सर्जिकल सामानाच्या दुकानांची वस्ती याच पट्ट्यात दाट आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘होम बायपॅप’, म्हणजे मास्कमधून दोन दाबांनी हवा देऊन श्वासाला मदत करणारं घरचं मशीन, असं लिहून मिळालं की घरचं माणूस पहिला फोन इथल्याच एखाद्या दुकानात लावतं. संध्याकाळपर्यंत बॅग घरी पोचते. आत मशीन, अडॅप्टर, नळी, मास्क, कधी ह्युमिडिफायरची टाकी. आणणारा मुलगा प्लग लावतो, बटण दाबतो, हवा येते का पाहतो, अनामत रकमेची पावती देतो आणि निघतो. हे परीक्षण त्या बॅगेचं आणि त्या अर्ध्या तासाच्या सेवेचं आहे. श्वासाच्या पेशंटना ही मशीन लावून देणं आणि रिपोर्ट वाचणं हे आमचं रोजचं काम आहे. दुकानाचं नाव किंवा मशीनचं मॉडेल इथे मुद्दाम दिलेलं नाही, कारण पुढे सांगितलेल्या गोष्टी कुठल्याही दुकानाच्या, कुठल्याही बॅगेत तपासाव्या लागतात.

मत आधीच सांगून टाकतो. यंत्राला पाचपैकी चार, सेवेला दोन. यंत्र भरवशाचं असतं. ते कोणासाठी आणलंय हे न विचारता लावून दिलं जातं, तिथे गुण जातात.

का विचारायला हवं, ते समजायला श्वास मुळात कुठून निघतो हे माहीत हवं. मेंदू आणि मज्जारज्जू जोडणारं जे देठ आहे, ब्रेनस्टेम, त्याच्या खालच्या भागाला मेड्युला म्हणतात. तिथे दोन्ही बाजूंना चेतापेशींचा एकेक लहानसा पुंजका आहे, प्री-बोट्झिंगर कॉम्प्लेक्स. 1991 मध्ये उंदरांच्या पिल्लांच्या ब्रेनस्टेमचे पातळ काप बशीत जिवंत ठेवून तो शोधला गेला. शरीरापासून सुटलेला तो कापसुद्धा श्वासाचा ठेका धरून होता. (नाव एका जर्मन वाइनचं आहे. शेजारच्या पुंजक्याला ते आधी मिळालं होतं, ते एका परिषदेच्या टेबलावरच्या बाटलीवरून.) या ठेक्याला मेड्युलाच्या वरच्या भागातली, पॉन्समधली केंद्रं आकार देतात, श्वास आत घेणं कुठे थांबवायचं ते ठरवतात. फुप्फुस पुरेसं ताणलं गेलं की व्हेगस नस वर निरोप नेते: आता बस. हा प्रतिसाद हेरिंग आणि ब्रॉयर यांनी 1868 मध्ये मांडला.

ठेका तयार झाला की तो खाली उतरतो. मानेच्या मणक्यांतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जामुळांतून फ्रेनिक नस निघते आणि छातीतून थेट डायफ्रामला, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूला, जाते. बरगड्यांमधल्या स्नायूंना छातीच्या मज्जामुळांतून वेगळ्या नसा मिळतात. जिभेला पुढे धरून घसा उघडा ठेवण्याचं काम हायपोग्लॉसल नसेचं. ठेका, नस, स्नायू, घसा: ही साखळी सलग असेल तरच नाकाशी हवा हलते.

आणि बायपॅप फक्त ती शेवटची हालचाल पाहतं. नळीत हवेचा प्रवाह किंचित बदलला की त्याला कळतं, पेशंटने श्वास घ्यायला सुरुवात केली. मग ते दाब वर नेतं. हा वरचा दाब आयपॅप. श्वास घेण्याचा प्रवाह उतरत शिखराच्या साधारण पाव भागावर आला की दाब खाली आणतं. तो खालचा ईपॅप. मेड्युलाशी त्याचा काही संबंध नाही, फ्रेनिक नसेशीही नाही. साखळीत वर कुठेही तुटलं आणि नाकाशी हवा हललीच नाही, तर साधं बायपॅप खालच्या दाबावर वाट पाहत बसतं.

म्हणून मोड. दुकानात तीन शब्द ऐकायला मिळतील. ‘एस’ म्हणजे पेशंटने श्वास घेतला तरच मदत. ‘टी’ म्हणजे घड्याळाच्या ठेक्यावर, पेशंट काय करतो ते न पाहता. ‘एसटी’ म्हणजे पेशंटने घेतला तर त्याच्या तालावर, ठरलेल्या वेळात नाही घेतला तर मशीन स्वतः देणार. एसटीमध्ये जो आकडा भरावा लागतो तो बॅकअप रेट: मिनिटाला निदान इतके श्वास. 12 भरला तर दर पाच सेकंदांचं घर होतं. पाच सेकंदांत पेशंटकडून काही आलं नाही की मशीन श्वास देतं. 15 भरला तर घर चार सेकंदांचं.

भाड्याच्या मशीनवर आम्हाला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. मशीनमध्ये एसटी मोड असतो, भाडं एसटी मशीनचं घेतलेलं असतं आणि पडद्यावर मोड असतो ‘एस’. किंवा त्याहून वाईट, सीपॅप. आधीच्या पेशंटला तो पुरेसा होता, मशीन परत आलं, पुसलं गेलं आणि तसंच पुढच्या घरी गेलं. सीपॅप एकच दाब सतत देतं. घोरणाऱ्याचा मिटणारा घसा उघडा ठेवायला ते उत्तम. पण ज्याच्या छातीला हवा ढकलण्याची मदत हवी आहे, त्याला सीपॅप ती मदत देत नाही. बॅगवर ‘बायपॅप’ छापलंय म्हणून आत तेच चालू आहे असं समजू नका.

तपासायची पद्धत सोपी आहे आणि ती मुलगा दारात असतानाच करायची. घरातल्या एखाद्या निरोगी माणसाने मास्क नीट लावून पाच-सहा साधे श्वास घ्यावेत. प्रत्येक श्वासाला हवा जोर धरते आणि सोडताना ढिली पडते, हे जाणवलं पाहिजे. मग तोंड मिटून श्वास रोखून धरायचा आणि मनात आकडे मोजायचे. एसटी चालू असेल आणि रेट 12 असेल तर पाच सेकंदांच्या आसपास मशीन आपण न मागता दाब वर नेईल, छातीवर ढकललं गेल्यासारखं वाटेल. दहापर्यंत मोजूनही काही झालं नाही, तर मोड चुकीचा आहे किंवा बॅकअप रेट अगदी कमी ठेवलाय. बऱ्याच मशीनच्या पडद्यावर श्वास पेशंटचा की मशीनचा, याची खूणही येते. ही चाचणी पेशंटवर करू नका.

बॅकअप रेट कोणाला खरोखर लागतो? घोरणं आणि घसा मिटणं हाच त्रास असेल तर सहसा लागत नाही. तिथे मेड्युला आपलं काम चोख करत असते, छाती-पोट हलत असतं, फक्त वरचं दार बंद असतं. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, छाती आणि पोटाचे पट्टे हलताना दिसतात आणि नाकाशी हवा शून्य. याला ऑब्स्ट्रक्टिव्ह ॲप्निया म्हणतात; ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं. उलट, पट्टेही सपाट आणि हवाही शून्य, दहा सेकंद किंवा त्याहून जास्त, तर तो सेंट्रल ॲप्निया. म्हणजे वरून निरोपच निघाला नाही. अशा पेशंटला ‘एस’ मोडवर ठेवणं म्हणजे झोपलेल्याने दार ठोठावण्याची वाट पाहणं.

नसा आणि स्नायूंच्या आजारांत, मोटर न्यूरॉन डिसीज, ड्युशेन, फ्रेनिक नस कमजोर झालेली असणं, अशा वेळी निरोप निघतो पण पोचतो क्षीण. पेशंट श्वास घेण्याचा प्रयत्न करतो आणि त्याने नळीतली हवा इतकी कमी हलते की मशीनला ती कळत नाही. इथे ट्रिगर, म्हणजे श्वास सुरू झाल्याचं ओळखण्याची सेटिंग, जास्त संवेदनशील ठेवावा लागतो आणि बॅकअप रेट पेशंटच्या स्वतःच्या वेगाच्या जवळपास. आणि इथेच वेळेची एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. त्या झोपेत बरगड्यांचे आणि मानेचे मदतनीस स्नायू ढिले पडतात, एकटा डायफ्राम राबतो. तोच कमजोर असेल तर ऑक्सिजनची खरी घसरण रात्री दहाला दिसणार नाही, पहिली लोकल सुटण्याच्या सुमारास दिसेल. झोपताना एकदा बोटाला ऑक्सिमीटर लावून ‘नव्वदच्या वर आहे’ म्हणून निश्चिंत होणं पुरेसं नाही. दोन-तीन रात्री पहाटे चार ते सहाच्या दरम्यान बघा. रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर मिळाला तर उत्तमच.

जुना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुप्फुसांचा आजार, आणि जाडेपणामुळे मंदावलेला श्वास, मुंबईत भाड्याची मशीन मुख्यतः या दोन कारणांनी जातात. दोन्हींत रक्तात कार्बन डायऑक्साइड (सीओटू) साठतो. निरोगी माणसात तो 35 ते 45 मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान असतो, झोपेत थोडा वर जातो. मेड्युलाच्या पृष्ठभागाजवळच्या पेशी त्याने वाढणारी आम्लता चाखतात आणि ठेका वाढवतात. पण सीओटू आठवडेच्या आठवडे चढाच राहिला की मूत्रपिंडं बायकार्बोनेट साठवून आम्लता झाकतात, मेंदूभोवतीच्या पाण्यातही तेच होतं, आणि त्या पेशी वाढलेल्या सीओटूला सरावतात. मग गळ्यातल्या कॅरोटिड बॉडीजवर जास्त भिस्त पडते. या पेशी ऑक्सिजन मोजतात, तो 60 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली, म्हणजे सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवरचे टक्के) साधारण 90 च्या खाली गेलं की जोरात ओरडतात आणि त्यांचा निरोप ग्लॉसोफॅरिंजियल नसेतून मेड्युलाला पोचतो. श्वासाच्या नियंत्रणात या यंत्रणेची भूमिका काय, हे शोधल्याबद्दल कोर्नेय हायमान्स यांना 1938 चं नोबेल मिळालं.

हे सगळं भाड्याच्या बॅगेशी कसं जोडलं जातं? बॅगेबरोबर बहुधा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही येतो. आणणारा मुलगा तो 5 लिटरवर ठेवून जातो, कारण घरच्यांना ऑक्सिमीटरवर 98 दिसलं की समाधान वाटतं. सीओटू साठवणाऱ्या पेशंटसाठी 98 धोक्याचं आहे. लक्ष्य 88 ते 92. जास्त ऑक्सिजन दिल्याने सीओटू वाढतो, त्यात कॅरोटिडचा आवाज मंदावणं हा एक भाग. मोठा भाग असा की, फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यांत हवा नीट पोचत नाही तिथे रक्त पुन्हा वाहू लागतं, आणि ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन सीओटू सोडून देतं. ऑक्सिमीटर यातलं काहीच दाखवत नाही. सॅच्युरेशन 95 आणि सीओटू 75, असं एकाच वेळी असू शकतं, आणि माणूस शांत झोपल्यासारखा दिसतो.

सेवेतली मोठी उणीव इथे आहे: यंत्र देणारं कोणीही सीओटू कधी मोजला हे विचारत नाही. विचारायला हवं. डिस्चार्जच्या वेळची एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्ताची तपासणी, हातात ठेवा. मशीन सुरू झाल्यावर ती पुन्हा कधी करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. आकडे सुधारत नसतील तर दाब किंवा वेळ वाढवायला हवा. घरी ज्या खुणा दिसतात त्या अशा: सकाळी डोकं जड, दुपारी बोलता बोलता डोळे मिटणं, हात पुढे करून पंजे वर धरले तर फडफडणं, नेहमीचं नाव किंवा वार न आठवणं. यांपैकी काहीही नव्याने दिसलं तर ऑक्सिजन वाढवत बसू नका, रुग्णालय गाठा. झोपेची गोळी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि दारू यांपासून लांब ठेवा. ओपिऑइड औषधं तर थेट प्री-बोट्झिंगरचा ठेका मंद करतात. वेदनेसाठी मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर ते मशीन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना माहीत असलंच पाहिजे.

आता आकडे. मोठ्या माणसात सुरुवात साधारण आयपॅप 8, ईपॅप 4 सेंटीमीटर पाणी इथून होते आणि पेशंटला झेपेल तसं एक-दोनने वर जातात. आयपॅपची मर्यादा 30, दोन दाबांतलं अंतर 4 ते 20 च्या दरम्यान. मशीन छातीत किती हवा ढकलतं ते या अंतरावर ठरतं, म्हणून ‘आयपॅप 14, ईपॅप 10’ हे ‘आयपॅप 14, ईपॅप 5’ पेक्षा कमी मदत देतं. पहिल्यात अंतर 4, दुसऱ्यात 9. ईपॅप घसा उघडा ठेवतो आणि सोडलेला सीओटू नळीतून बाहेर ढकलतो, तो 4 च्या खाली जाऊ नये. दर श्वासाला किती हवा जावी याचा अंदाज उंचीवरून बांधतात, वजनावरून नाही. 160 सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी आदर्श वजन 52 किलो धरून 6 ते 8 मिलिलिटर किलोमागे, म्हणजे साधारण 310 ते 420 मिलिलिटर. मशीनवर हा आकडा 200 च्या आसपास दिसत असेल तर दाब अपुरा आहे किंवा हवा मास्कमधून गळतेय.

श्वास देण्याचा वेळही पाहावा. 15 च्या रेटला एक चक्र चार सेकंदांचं, त्यातले 1.2 सेकंद आत घेण्याचे असले तर साधारण तीस टक्के. सीओपीडीत हवा बाहेर पडायलाच वेळ लागतो, तिथे हा काळ लांबवला तर पुढच्या श्वासापर्यंत छाती रिकामी होत नाही. मागची हवा आत अडकते, पेशंटला आधी तिचा दाब भेदावा लागतो, त्याचा प्रयत्न मशीनपर्यंत पोचतच नाही. पोट हलतंय, मशीन प्रतिसाद देत नाहीये असं दिसलं तर बहुधा हेच. उपाय डॉक्टरांचा: ईपॅप थोडा वाढवणं, आत घेण्याचा वेळ कमी करणं. घरच्यांनी आकडे बदलू नयेत, पण आकडे वाचता यावेत.

दाब जास्त म्हणजे चांगलं, असंही नाही. काहींमध्ये मशीन इतकी हवा घालतं की सीओटू त्या माणसाच्या उंबरठ्याखाली जातो, मेड्युलाला श्वास काढायचं कारणच उरत नाही, आणि ठेका थांबतो. रिपोर्टमध्ये मशीन लावल्यावर सेंट्रल ॲप्निया वाढलेले दिसतात. अशा वेळी कधी दाब उतरवणं, कधी बॅकअप रेट देणं, कधी फक्त थोडे आठवडे थांबणं हा मार्ग असतो.

‘वरचं मॉडेल घ्या, ते आपोआप जमवून घेतं’ असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. तो एव्हीएपीएसबद्दल असेल तर ठीक, ते ठरवलेला व्हॉल्यूम, म्हणजे दर श्वासाची हवा, गाठायला दाब वर-खाली करतं. पण एएसव्ही नावाच्या मोडबद्दल असेल तर थांबा. हृदय कमजोर असलेल्यांत श्वास वाढत जातो, ओसरतो, थांबतो, पुन्हा वाढतो. या चेन-स्टोक्स श्वासासाठी एएसव्ही बनवलं गेलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्व्ह-एचएफ या मोठ्या चाचणीत, ज्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) 45 टक्के किंवा कमी होतं आणि त्रास मुख्यतः सेंट्रल होता, त्यांच्यात या मोडने हृदयविकाराने मृत्यू वाढले. इकोचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय एएसव्ही घरात आणू नये.

मास्क. बॅगेतली सर्वांत स्वस्त वस्तू आणि सर्वांत जास्त घात करणारी. पहिली गोष्ट, छिद्रं. घरगुती बायपॅपला एकच नळी असते, सोडलेली हवा बाहेर जायला मास्कवर किंवा नळीच्या टोकाला बारीक छिद्रं लागतात. रुग्णालयातल्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरचे मास्क बिनछिद्राचे असतात. बहुतेक कंपन्या त्यांचा कोपरा निळा ठेवतात. वॉर्डातून घरी आणलेला निळ्या कोपऱ्याचा मास्क एका नळीच्या मशीनला थेट लावला तर पेशंट आपलाच सीओटू पुन्हा पुन्हा ओढतो. मशीन चालू करून मास्कच्या छिद्रांजवळ हाताची मागची बाजू धरा, हवेची धार सतत लागली पाहिजे. ती धार बोचते म्हणून कोणी तिथे चिकटपट्टी लावत असेल तर ती ताबडतोब काढा.

पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला आणखी एक झडप असते. मशीन बंद पडलं तर ती उघडते आणि खोलीतली हवा आत येऊ देते. नळी काढून मास्क हातात धरा, झडपेची जीभ लोंबली पाहिजे. वाळलेल्या लाळेने ती चिकटलेली असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. ज्याला उलटी होण्याची शक्यता आहे आणि ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला पूर्ण चेहऱ्याचा मास्क लावून एकटं झोपवू नये.

माप बसून घेऊ नका. आडवं झालं की गाल सरकतात, कवळी काढली की तोंडाचा आकार बदलतो. पेशंट झोपलेला, मशीन दाबावर चालू, तेव्हा पट्टे ओढा, पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत इतकेच. गळती थांबवायला पट्टे आवळत गेलात तर नाकाच्या दांड्यावर तीन-चार रात्रींत जखम होते आणि मग पेशंट मास्कच नाकारतो. तिथे पहिल्या रात्रीपासून पातळ हायड्रोकोलॉइड पट्टी लावा. नाकातून अन्ननळी घातलेली असेल तर तिच्या कडेने गळती राहणारच, त्यासाठी वेगळा पॅड मिळतो. गळती फक्त आवाज करते असं नाही. जास्त गळतीत मशीनला वाटतं पेशंट अजून श्वास ओढतोय, ते वरच्या दाबावर अडकून राहतं. किंवा गळतीलाच श्वास समजून धडाधड दाब देत सुटतं. मिनिटाला 30-35 श्वास दिसत असतील आणि पेशंटची छाती त्या वेगाने हलत नसेल, तर आधी मास्क बघा.

मुंबई या यंत्राला तीन बाजूंनी छळते. पहिली ओल. पावसाळ्यात दमट हवा ह्युमिडिफायरमधून आणखी ओली होऊन एसीच्या खोलीतल्या थंड नळीत जाते आणि पाणी होऊन साचते. नळी गुरगुरते, चेहऱ्यावर थेंब येतात, आणि नळीतलं हलणारं पाणीही मशीनला श्वासासारखं वाटू शकतं. जून ते सप्टेंबर ह्युमिडिफायर 1 किंवा 2 वर पुरे. मशीन गादीच्या पातळीच्या खाली, पण जमिनीवर नाही, एखाद्या स्टुलावर ठेवा. नळीला कापडी खोळ घाला. एसीचा झोत नळीवर नको. डिसेंबर-जानेवारीत नाक कोरडं पडू लागलं तर आकडा वाढवा. टाकीत डिस्टिल्ड पाणी, औषधाच्या दुकानातलं; इन्व्हर्टरसाठी मिळणारं बॅटरीचं पाणी यासाठी नसतं. रोज सकाळी उरलेलं ओतून टाकून टाकी उपडी वाळवायची.

दुसरी धूळ. शेजारी टॉवर उठत असेल किंवा खिडकी हमरस्त्यावर असेल तर फिल्टर लवकर काळवंडतो. जाड, धुता येणारा स्पंज आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून बसवा. आतला पांढरा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. भाड्याच्या मशीनसोबत निदान दोन जास्तीचे मागून घ्या. फिल्टरशिवाय आलेलं मशीन परत पाठवा, ते आतून कसं असेल याची कल्पना त्यावरून येते.

तिसरी वीज. मुंबईत ती क्वचित जाते, म्हणून कोणी तयारी करत नाही. 12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी जवळजवळ सगळं शहर ठप्प झालं आणि कित्येक भागांत तासन्‌तास वीज नव्हती. बहुतेक घरगुती बायपॅपमध्ये बॅटरी नसते. छोटा यूपीएस घेत असाल तर त्यावर ह्युमिडिफायर बंद ठेवून मशीन किती वेळ चालतं ते दिवसा एकदा मोजा. गरम प्लेट सर्वाधिक वीज खाते. फ्रिज किंवा मोटरच्या एक्स्टेंशनवर मशीन लावू नका, अर्थिंग असलेला तीन पिनचा सॉकेट स्वतंत्र द्या.

यावरूनच ठरतं, हे यंत्र कोणासाठी नाही. ज्याला दिवसाही बराच काळ मशीन लागतं, काढल्यावर काही मिनिटांत ऑक्सिजन पडतो, किंवा ज्याचा स्वतःचा ठेका झोपेत पूर्ण थांबतो, त्याला आतली बॅटरी आणि पक्के अलार्म असलेला व्हेंटिलेटर हवा. पीएचओएक्स2बी जनुकातल्या दोषाने जन्मतःच झोपेत श्वास मंदावणाऱ्या बाळांचं हेच. भाड्याचं बायपॅप तिथे देणाऱ्या दुकानाला आम्ही एकही गुण देणार नाही.

अलार्म बहुधा बंद करून येतात, कारण पहिल्या रात्री ते वाजले की दुकानाला फोन जातो. नळी सुटल्याचा, ॲप्नियाचा आणि कमी मिनिट व्हेंटिलेशनचा (मिनिटभरात आत जाणारी एकूण हवा कमी पडल्याचा), हे तीन चालू करून घ्या. मग नळी मशीनपासून काढा आणि पंखा, टीव्ही चालू ठेवून, शेजारच्या खोलीत जाऊन आवाज ऐकू येतो का पाहा. ऑक्सिजन जोडलेला असेल तर क्रम पक्का: आधी मशीन चालू, मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन. उलट केलं तर थांबलेल्या मशीनच्या पोटात ऑक्सिजन साठतो, आणि ते आगीला आमंत्रण आहे. देवघरातली समई किंवा उदबत्ती त्या खोलीत नको.

विकत जुनं घेत असाल, आणि ऑनलाइन अशा जाहिराती खूप दिसतात, तर एक गोष्ट आधी. जून 2021 मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्सने आवाज दाबायला आत बसवलेला पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि वायू नळीत जाऊ शकतात म्हणून जगभरातून लाखो सीपॅप-बायपॅप परत मागवली. त्या काळातलं मशीन असेल तर सीरियल नंबर घेऊन फोम बदलल्याचा पुरावा मागा. ओझोनने ‘सॅनिटाइझ’ करून देतो म्हणणाऱ्यांना नको म्हणा, ओझोनने हा फोम लवकर खराब होतो.

भाड्याच्या कागदात दोन ओळी घालून घ्या. मशीन बिघडलं तर किती तासांत बदली देणार आणि रात्री कोणत्या नंबरवर; अंधेरीचं दुकान मुलुंडला पहाटे मशीन पोचवणार आहे का, हे आधी विचारा. आणि मेमरी कार्ड. ते मशीनमध्ये असलं पाहिजे, रिकामं केलेलं. आधीच्या पेशंटच्या रात्री त्यात असतील तर डॉक्टर चुकीच्या माणसाचा रिपोर्ट वाचतील. दोन आठवड्यांनी तेच कार्ड घेऊन जा. त्यात रोजचे तास, गळती, व्हॉल्यूम आणि एक फार बोलका आकडा असतो: किती टक्के श्वास पेशंटने सुरू केले आणि किती मशीनने. पेशंटचे टक्के आठवड्यागणिक घसरत असतील तर त्याची कारणं बहुधा दोन: एक तर प्रयत्न मशीनला ऐकू येत नाहीत किंवा वरूनच कमी निघतायत. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून अंदाजाने दाब वाढवू नये.

मशीन परत करताना, मुलगा बॅगेत भरण्याआधी, सेटिंगच्या पानाचा फोटो काढून ठेवा: मोड, आयपॅप, ईपॅप, बॅकअप रेट, आत घेण्याचा वेळ, ट्रिगर, राइझ टाइम (दाब वर चढायला लागणारा वेळ). पुन्हा गरज लागली तर दुसऱ्या दुकानाच्या मशीनवर तेच आकडे पहिल्या रात्री भरता येतात. मास्क परत करू नका. तो तुमच्या पेशंटच्या चेहऱ्याला बसलेला आहे.